तुझ्या डोळ्यांतला पिवळा

रेवण, तुझ्या मरणाचा आळ तुझ्याच चित्रावर आलाय.

डॉक्टरांवर नाही, नळाच्या पाण्यावर नाही, गावातल्या त्या पाल्याच्या औषधावरही नाही, ज्याच्या नादात हाती असलेले दिवस निघून गेले. चित्रावर. तू स्वतःचं चित्र काढलंस, डोळ्यांत पिवळा भरलास आणि तोच पिवळा पुढे तुझ्या अंगात उतरला, असं तुझे अप्पा तुमच्या मुडबी गावात येईल त्याला सांगतायत. ऐकणारे माना हलवतायत. ते चित्र जाळायचं का ठेवायचं, एवढा एकच प्रश्न तू मागे ठेवलास, आणि तो तुझ्या घरच्यांनी माझ्यापुढे टाकला. तू असतास तर म्हणाला असतास, "काढ पत्रक्या, काढ आता एक पत्रक."

काढलं असतं. पण पत्रक कुणाच्या तरी विरोधात काढावं लागतं. इथं समोर तुझे अप्पा आहेत.

तू मला पत्रक्या म्हणायचास, त्याचा मला कधी राग आला नाही. माझे बाबा गुलबर्ग्याच्या डाळमिलमध्ये पोती उचलायचे आणि संध्याकाळी हमालांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, उरलेली पत्रकं होती. मी त्यांच्यावर वाचायला शिकलो आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. त्यामुळे माझ्या डोक्यात माणूस येतो तो 'बंधूंनो' ही हाक ऐकूनच येतो, असं तुझं म्हणणं. "तुला एक मानूस दिसतच न्हाई. तुला मोर्चा दिसतोय." मी म्हणायचो, एकटा माणूस ही चैन आहे. ती ज्यांना परवडते त्यांची चित्रं निघतात. आमच्या लोकांची फक्त मोजदाद होते.

या वादाला तोंड फुटलं ते पावण्यामुळे.

स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात तुला तो सापडला होता. कुठल्यातरी जुन्या विलायती कॅलेंडरचं पान, खालचा कोपरा फाटलेला. रद्दीवाले चाचा एकदा तुझ्याकडं आणि एकदा पानाकडं बघत म्हणाले, "कौन है जी ये? तुमारा सगा है क्या?"

तू म्हणालास, "पावना है चाचा. दूर के गाँव का."

चाचांनी पान गुंडाळून दिलं आणि वर सल्लाही दिला, "खाना खिलाओ उसकू. बीमार दिख रा."

तेव्हापासून त्याचं नाव पावणा. चित्रकाराचं नाव फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलं होतं, आणि तुला ते ठाऊक असलं तरी तू मला कधी सांगितलं नाहीस. एकदाच म्हणालास, "उत्तर-दृक्प्रत्ययवादी," आणि माझं तोंड बघून हसलास. "शब्द लय मोठा हाय, गोष्ट ल्हान हाय. डोळ्याला दिसतंय तेवढंच काढून ज्येंचं भागंना, ती मानसं."

तुझ्या खोलीच्या भिंतीवर तो इतकी वर्षं बसून होता, की मला तो डोळे मिटूनही दिसतो. लाकडी खुर्चीत बसलेला एक तरुण. अंगात निळा कोट, खांद्याला सैल. तोंड तांबूस, पण जबड्याखाली चक्क हिरवा. एक कान लालभडक. डोळे सारखे नाहीत. एक आपल्याकडं बघतोय, दुसरा आपल्या पाठीमागं कुणी आलंय का ते बघतोय. हात मांडीवर, पण ठेवून दिलेले, दमलेल्या माणसानं डोक्यावरची पाटी खाली ठेवावी तसे. आणि पाठीमागं खोली नाही, दार नाही, काहीच नाही. नुसते हिरव्या-पिवळ्या रंगाचे आखूड फटकारे, एकमेकांना खेटून उभे.

पहिल्या दिवशीच मी त्याचा अर्थ लावून मोकळा झालो. ही खुर्ची ह्याची नाही, मी म्हणालो. बघ, टेकून बसलेला नाही. ज्याला खुर्चीची सवय नसते तो असा कडेला बसतो. मिलच्या ऑफिसात बाबा असेच बसायचे. कोट मागून आणलेला. आणि फाटक्या कोपऱ्यात जे नाव असेल ते काढणाऱ्याचं असेल, बसलेल्याचं नसेल. जगभर ह्याची चित्रं छापून निघाली, भिंतीभिंतीवर हा बसला, आणि ह्याचं नाव कुणाला माहीत नाही. अन्याय म्हणतात तो हाच.

तू ऐकून घेतलंस. ब्रश पुसत होतास. "झालं? आता जरा त्येच्याकडं बघ."

"बघूनच बोलतोय."

"न्हाई. तू बघायच्या आदीच बोलायलास. त्येचा कान बघ. लाल कामून हाय?"

"थंडी असेल तिकडं."

"लाजलाय त्यो." तू पावण्याजवळ गेलास आणि बोट कानापासून थोडं लांब धरून उभा राहिलास. "येवढा वेळ त्येच्याकडं कुनी बघितलंच न्हवतं रं. जन्मात पैल्यांदा कुनीतरी बघायलाय. मानसाकडं टक लावून बघितलं की कान लाल हुत्यात. तुझ्याकडं कुनी बघत न्हाई, म्हनून तुला म्हाईत न्हाई."

मी चहा मागवला आणि विषय बदलला.

आज उत्तर सुचतंय. बघणं पुरत नाही, रेवण. तुझ्या शाळेनं तुझ्याकडं बघितलं नव्हतं का? रोज बघत होती. अतिथी शिक्षक म्हणून दर वर्षी जूनमध्ये बोलवत होती, मार्चमध्ये विसरत होती, आणि परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देत होती. त्या शाळेत तुझा कान कधी लाल झाला नाही. झाला असता तर मी तो रागानं लाल झालेला बघितला असता. मी म्हणायचो, चल, अतिथी शिक्षकांचं एक निवेदन करू. तू म्हणायचास, "पैल्यांदा पोरास्नी झाड काढू दे, मग."

आणि मग ते हमालांचं पत्रक. मिलवाल्यांनी धूळ गाळायचे पंखे बंद ठेवले होते, लोक खोकून रक्त पाडत होते, आणि मला पत्रकाच्या माथ्यावर पावणा हवा होता. निळा कोट, पाटीसारखे ठेवलेले हात. खाली फक्त एक ओळ, हा चेहरा तुमचा आहे. तू नुसता रेखाटून दे, एवढंच मागत होतो. तू नाही म्हणालास.

"कामून?"

"त्येला घोषणा देता येत न्हाई."

"तो चित्रातला माणूस आहे. त्याला कुठं द्यायचीय?"

"तेच म्हनतोय मी. त्येला इचारता येत न्हाई. मग त्येच्या तोंडात आपली बात कामून घालायची? तुझ्या बाबांचं चित्र काढून देतो, चल. त्यांना इचार. ते व्हय म्हनतील."

मी त्या दिवशी तुला जे बोललो ते तुला लागलं. म्हणालो, ज्यांच्या घरात रोज समतेची वचनं म्हणतात आणि पाहुण्याचा पेला कुणी विसळायचा यावरून आत कुजबुज होते, त्यांच्या पोरांना असला नाजूकपणा परवडतो. हे मी मागं घेत नाही, आजही नाही. पहिल्यांदा मी मुडबीला आलो तेव्हा ती कुजबुज मी ऐकली, आणि तूही ऐकलीस. तू उठलास, माझ्या हातातला पेला घेतलास, आत जाऊन विसळलास, पालथा घातलास आणि परत येऊन बसलास. तोंडातून शब्द काढला नाहीस. मला तू बोलायला हवा होतास. त्या घरात, मोठ्यानं, अप्पांच्या समोर. पण पेला तू विसळलास आणि तुमच्या पेल्यांच्या रांगेत पालथा घातलास, हे मी त्याच दिवशी मनात टिपून ठेवलं होतं. तुला ते कधी सांगितलं नाही. सांगायला पुष्कळ वेळ आहे असं वाटायचं.

तुरीला फूल आलं होतं तेव्हा तू मला मुद्दाम शेतात नेलंस. रुसवा निघाला नव्हता. तुझी बहीण महादेवी भाकरी घेऊन बांधावरून येत होती, चारी बाजूंनी कंबरभर तूर आणि शेंड्याशेंड्याला पिवळं.

"तिची हनुवटी बघ," तू म्हणालास.

मी बघितलं. महादेवीच्या हनुवटीखाली पिवळी झाक होती. गळ्याजवळ थोडी हिरवी. ती जवळ आली आणि म्हणाली, "काय बघायलाव दोघं? तोंडाला काय लागलंय का माझ्या?"

"लागलंय," तू म्हणालास. "शेत लागलंय."

"येड लागलंय ह्येला," ती मला म्हणाली आणि भाकरी ठेवून गेली.

मग तू मला ती गोष्ट सांगितलीस, जिच्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी राहीन. माणसाचा रंग त्याचा एकट्याचा नसतो. त्याच्या आजूबाजूला जे असतं ते त्याच्या तोंडावर पडतं. पावण्याच्या जबड्याखालचा हिरवा हा त्याच्या कातडीचा नाही, तो जिथं बसलाय तिथला आहे. चित्रकारानं खोली पुसून टाकली, पण ती त्याच्या तोंडावर राहून गेली.

मी जागच्या जागी उडालो. "अरे, मग मी तरी वेगळं काय म्हणतोय? ह्यालाच तर आम्ही परिस्थिती म्हणतो!"

"म्हना की," तू म्हणालास, आणि बऱ्याच दिवसांनी हसलास. "खरं आदी हनुवटी बघून म्हना."

त्याच तुरीत बसून तू स्वतःचं चित्र काढलंस. खोपीच्या मेढीला आरसा टांगून, फूल गळायच्या आत. मी येऊन-जाऊन बघत होतो. शर्ट तुझा रोजचाच, शाळेतला चौकडीचा. केस न विंचरलेले. तोंडाला वीटकरी, कपाळाच्या कडेला निळा, आणि दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्यात तुरीचा पिवळा. मी म्हणालो, डोळे जास्त झालेत. तू म्हणालास, "डोळे उघडेच हुते, तवा लय पडलं त्यांच्यात." ते चित्र मला आवडलं होतं. माझ्या बोलण्यात आवडलं हा शब्द सहसा येत नाही, त्याऐवजी 'महत्त्वाचं आहे' येतं. तुलाही तेच म्हणालो. तू म्हणालास, "व्हय, अध्यक्ष महाराज."

माझं चित्र मात्र तू कधी काढलं नाहीस. "तू गप बसत न्हाईस. तोंड मिटून बस, तवा काढतो." मी म्हणायचो, मला हौस नाही. हौस होती.

आता दवाखान्याचं. तिथं तू एक चेष्टा केलीस आणि तिनं सगळा घात केला.

तुझे डोळे पिवळे झाले होते, तोंड उतरलं होतं. मी आत आलो तेव्हा अप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. तू मला बघून म्हणालास, "पत्रक्या, ये. बघ, आता मी माझ्या चित्रासारका दिसायलोय. लोक म्हनत हुते जमलं न्हाई. जमलं का न्हाई?"

मी हसलो. तुला हसवायचं म्हणून जरा जास्तच हसलो. अप्पा हसले नाहीत. ते तुझ्या डोळ्यांकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी विचारलं, "कुठलं चित्र?" तू म्हणालास, खोलीवर हाय. त्या वेळी मला काही कळलं नाही. आपण दोघं आपल्याच भाषेत बोलत होतो, आणि ती ऐकणाऱ्याला तिचा एकच अर्थ लागला.

तुमच्यात मेलेल्या माणसाला बसवतात, हे मला ऐकून माहीत होतं. आमच्यात आडवं ठेवतात. मी मुडबीला पोचलो तेव्हा तुला भिंतीला टेकून बसवायचं चाललं होतं. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते, म्हणून घाई. कुणी गुडघे वळवत होतं, कुणी कपाळाला विभूती लावत होतं. तुझी मान राहीना. महादेवीनं मागं वळून मला बघितलं आणि म्हणाली, "मिलिंद अण्णा, खांदे धर. तू धर."

मी तुझ्या मागं गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही खांदे धरले. समोरून मठाचे स्वामी तुला पटका बांधत होते, कुणी माझी जात विचारली नाही, कुणी सरक म्हणालं नाही. कौतुक म्हणून हे सांगत नाही. एवढ्यासाठी तुला मरावं लागलं, हे सांगतोय. तुझा खांदा हाडकला होता. लोक येत होते, समोर बसून तुझ्याकडं टक लावून बघत होते, भजन चाललं होतं. इतक्या लोकांनी इतका वेळ तुझ्याकडं बघितलं. मी मागून तुझ्या कानाकडं बघत होतो. मेणासारखा होता.

समाधी शेतात दिली. बेलाची पानं, मीठ, विभूतीचे गोळे. तूर काढून झाली होती, नुसती धसकटं होती. तिथं बोलायची पद्धत नाही, आणि माझ्याकडं जे होतं ते 'बंधूंनो'नंतर सुरू होणारं होतं.

खोली रिकामी करायला अप्पा आणि महादेवी गुलबर्ग्याला आले, तेव्हा मी किल्ली घेऊन उभा होतो. अप्पांनी पावण्याकडं बघितलंही नाही. कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं तुझं चित्र त्यांनी ओढून काढलं, उजेडात धरलं आणि खाली बसले.

"ह्येच की," ते म्हणाले. "ह्येच. बघ, डोळे बघ. आजारी पडायच्या आदीच काढून ठिवलं. सोताच्या हातानं."

"अप्पा, तसं नसतं."

"मग कसं असतंय?"

"ते चित्र आहे. त्यानं होत नाही कुणाला काही."

"न्हाई हुत? त्यो दवाखान्यात तुला काय बोलला, म्या न्हाई ऐकलं? चित्रासारका दिसायलोय म्हनला. तू हासलास."

मी म्हणालो, मला द्या, मी घेऊन जातो. त्यांनी मान वर केली. "कामून? तुला बी व्हायचंय का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि तीच मला सहन झाली नाही. महादेवी म्हणाली, अप्पा, जाळू नका, रेवण अण्णाच्या हातचं हाय. बराच वेळ दोघांचं कन्नडमध्ये बोलणं झालं. मला सगळं समजत होतं, तरी मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेवटी अप्पा मराठीत म्हणाले, म्हणजे मला म्हणाले, "तू त्येच्यासंगं चित्रावर बोलत बसायचास. गावात ये. मला समजावून सांग, ह्यात काय हाय. समजलं तर ठिवतो. न्हाई समजलं तर चुलीत घालतो."

रेवण, मी मिलच्या दारात उभा राहून बोललोय. पोलिसांपुढं बोललोय. असा घाबरलो कधीच नव्हतो.

पावणा गुंडाळून बरोबर नेला. ओसरीवर दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. अप्पा समोर घोंगडीवर, महादेवी दारात. मी सुरुवात चांगली केली. तुझंच बोललो. माणसाच्या आजूबाजूला जे असतं ते त्याच्या तोंडावर पडतं. पावण्याच्या जबड्याखालचा हिरवा दाखवला. महादेवीच्या हनुवटीचं सांगितलं, तेव्हा ती दारात रडली. हा पिवळा रोगाचा नाही, अप्पा, हा तुमच्या तुरीचा आहे. तुम्ही पेरलेली तूर त्याच्या डोळ्यांत दिसतेय.

अप्पांनी चित्र उचललं आणि अगदी तोंडाजवळ नेलं. मला वाटलं, समजलं.

"तुरीचं फूल गळून जातंय," ते म्हणाले. "मग ह्येच्या डोळ्यातलं कामून गेलं न्हाई?"

मी बोलत राहिलो. गप्प बसायला हवं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी बोलत राहिलो. चित्रात वेळ थांबलेला असतो म्हणालो. मग साध्या माणसाचं चित्र निघणं ही केवढी गोष्ट आहे म्हणालो. राजांची निघतात, स्वाम्यांची निघतात, निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची चौकाचौकात लागतात, पण मुडबीतल्या शेतकऱ्याच्या पोराचं, चौकडीच्या शर्टातलं, कधी कुणी काढलं होतं का? त्यानं स्वतः काढलं. आवाज चढला होता माझा. शेजारचे दोघे-तिघे ओट्याशी येऊन उभे राहिले. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, सभेत बसलेली माणसं बघतात तसे.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "तू चांगलं बोलतोस. खरं एक सांग. हे काढताना त्येला काय दुखत हुतं का?"

"नाही, अप्पा."

"तुला कसं म्हाईत?"

मला माहीत नव्हतं. खोपीत तू आरशासमोर बसलेला असताना मी शेजारी पेपर वाचत होतो. तुला तेव्हाच थकवा यायचा का, तोंडाची चव गेली होती का, तू आरशात काही बघितलंस का, जे मला तुरीचं म्हणून सांगितलंस? मी विचारलं नाही. तुझ्या डोळ्यांतला पिवळा मी तुझ्या सांगण्यावरून तुरीचा मानला. पावण्याबद्दल मी इतकं बोललो, खुर्ची, कोट, हात, आणि त्याला त्या दिवशी काय होत होतं हे जगात कुणालाच माहीत नाही. हे असं कुणाचंच चित्र वाचता येत नसेल तर तू आणि मी इतकी वर्षं काय करत होतो?

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग," अप्पा म्हणाले, आणि चित्र घेऊन आत गेले.

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात ते चुलीत बघत आलो. निळा कसा जळतो, वीटकरी कसा जळतो. अप्पांचा संताप येत होता, आणि तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. अज्ञान म्हणावं, तर विज्ञान त्यांना काय म्हणालं होतं? उशिरा आणलं, एवढंच. कारण सांगायला कुणी आलंच नाही, म्हणून त्यांनी घरात सापडलं ते कारण घेतलं.

मग महादेवीचा फोन आला. "जाळलं न्हाई," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "खरं तू ये. एकदा येऊन बघ. अप्पा वाट बघायलेत."

मी गेलो. अप्पा मला हाताला धरून मधल्या घरात घेऊन गेले. महादेवीनं मोबाइलचा उजेड धरला. धान्याच्या कणगीच्या वर, खिळ्याला, तू होतास. चौकडीचा शर्ट तसाच, कपाळाच्या कडेचा निळा तसाच. डोळे पांढरे केले होते. कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं रंगवायला आणलेल्या डब्यांतला पांढरा तेलरंग, जाड, चकचकीत. काडीला चिंधी गुंडाळून लावला असावा, कारण बुबुळांच्या कडेला धाग्यांचे ओरखडे होते. पण हात थरथरू न देता लावला होता. बुबुळाला धक्का लागू दिला नव्हता. पिवळ्याचा एक ठिपकाही शिल्लक नव्हता.

"आता बघ," अप्पा म्हणाले. "उतरली का न्हाई कावीळ?"

ते चित्र मेलं होतं, रेवण. तुझं बघणं त्यातून गेलं होतं. दोन पांढरे चकचकीत तुकडे आणि त्यांच्यामागं कुणी नाही. जळालं असतं तर निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं. आयुष्यभर मी खोट्याच्या विरोधात लिहीत आलो. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि सभेत बघतात तसे बघत नव्हते.

"उतरली, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. महादेवीनं चहा आणला. पेला कुणी विसळला ते मी बघितलं नाही.

पण मधल्या घराला खिडकी नाही. डब्यातला पांढरा उजेडात टिकतो, अंधारात ठेवला की हळूहळू पिवळा पडत जातो. अप्पांना हे माहीत नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही. एखाद्या कारहुणवीला बैलांची शिंगं रंगवून झाली की ते दिवा घेऊन आत येतील, तुझे डोळे बघतील, आणि पुन्हा डबा उघडतील.